गाळलेला परिच्छेद

१४ ऑक्टोबर १९८४, रविवार

प्रिय पेइलिन,

काल झोउ तुझ्या शूटिंगची रीळं घेऊन आला आणि लॅबकडे जायच्या आधी माझ्या दारात उभा राहिला. अंगावर नदीची पिवळी धूळ तशीच. पाणी पुढे केलं तर म्हणाला, "पाणी राहू द्या ताई, आधी तुमच्या भावाला आवरा. मासिक हातात पडल्यापासून डायरेक्टर कुणाशी धड बोललेले नाहीत. परवा नावाड्याला म्हणाले, तू सुखी आहेस, तुझं म्हणणं कुणी छापत नाही."

मला हसू आलं. मग त्याने पुढचं सांगितलं आणि हसू गेलं. आठ नोव्हेंबरला स्टुडिओच्या कलासमितीची बैठक आहे, तिला तू येणार आहेस, आणि सगळ्यांसमक्ष लाओ फानचं नाव घेणार आहेस. फिल्मबद्दलचं तुझं निवेदन मासिकात येण्याआधी त्यांनी कापलं म्हणून.

जूनमध्ये तू जे लिहून दिलंस ते अकरा पानांचं होतं. मासिकात आलं ते जेमतेम सात पानांचं, आणि ते तुझ्यासारखं वाटत नाही हेही खरं. पण पेइलिन, घाई करू नकोस. लाओ फान आज स्टुडिओचे प्रमुख आहेत म्हणून सांगत नाही. तू बारा वर्षं त्यांचा सहायक होतास, माणूस तुला माहीत आहे. सायक्लोस्टाइलमध्ये कधी कधी पान राहून जातं. चाळीस प्रती काढायच्या, उन्हाळ्याचे दिवस, शाई ओली. कुठे काय राहिलं कोण सांगणार?

जूनमधल्या त्या जेवणानंतर तुझी एक ओळ नाही. मी एवढंच म्हणाले होते, "जरा जपून लिही." तू चॉपस्टिक्स खाली ठेवल्यास आणि म्हणालास, "ताई, या देशातल्या अर्ध्या वाईट फिल्मा तुझ्यासारख्या चांगल्या माणसांनी बनवल्यात." शेपूची डंपलिंग तशीच ताटात राहिली. दुसऱ्या दिवशी मी एकटीने खाल्ली. चांगली झाली होती.

झोउबरोबर कापसाची बंडी पाठवते आहे. हेइयान घाटावर आता वारा सुटला असेल.

तुझी ताई

१९ ऑक्टोबर

प्रिय पेइलिन,

आज लाओ फान छपाईच्या खोलीत आले होते. मी स्टेन्सिलवर वाकलेली, त्यामुळे आधी त्यांचे बूट दिसले. माझ्या हातातली लेखणी थांबली.

त्यांना वेळापत्रकाच्या वीस प्रती हव्या होत्या, बाकी काही नाही. जाता जाता म्हणाले, "पेइवेन, तुझ्या भावाने यंदा शहाणपणा केला बरं का. निवेदन बीजिंगला पाठवताना माझी छाती धडधडत होती. म्हटलं, याने आत काय लिहून ठेवलंय देव जाणे. वाचलं तर काय, पोरगं चक्क माणसात आलंय!"

पोरगं म्हणजे चव्वेचाळीस वर्षांचा तू.

मी म्हणाले, "तुम्ही त्यात काही बदल केलात का?"

"मी? मला कुठे वेळ आहे? आणि तुझ्या अक्षरात आलेला कागद मी दुरुस्त करीन होय? मी तो जसाच्या तसा वर पाठवला. त्याच्या जोरावर तर रंगीत फिल्म मिळाली, नाहीतर तुझा भाऊ नदी काळी-पांढरी दाखवत बसला असता."

म्हणजे त्यांना काहीच माहीत नाही. ते तुझ्या बाजूने भांडले, आणि ज्या कागदावर भांडले तो... असो.

आता विचार कर. बैठकीत समितीचे चौदा जण असतील, शिवाय प्रांताच्या सांस्कृतिक खात्याचा माणूस. त्याच्यासमोर तू उठून म्हणालास, की प्रमुखांनी कलाकाराचा मजकूर गुपचूप कापून वरिष्ठांची दिशाभूल केली, तर काय होईल? लाओ फान दोन वर्षांनी निवृत्त व्हायचे आहेत. त्या माणसाने सांस्कृतिक क्रांतीत गाईचं शेण उचलण्यात सहा वर्षं घालवली, ती संपवून तो पुन्हा या खुर्चीत बसला आहे. त्यांच्या जागी दुसरं कुणी आलं तर पहिल्या दिवशी तुझी फिल्म बंद करेल. अजून शूटिंगचे बावीस दिवस बाकी आहेत ना?

समज, कुणी तुझ्या भल्यासाठीच एखादं वाक्य सौम्य केलं असेल. अशा माणसाला तू काय शिक्षा देशील? मी सहज विचारते आहे.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

तुझी ताई

२५ ऑक्टोबर

पेइलिन,

सहज विचारत नव्हते.

ते मी केलं. लाओ फाननी नाही, मासिकवाल्यांनी नाही. तुझी अकरा पानं तू जूनमध्ये माझ्या टेबलावर ठेवलीस आणि झोउला म्हणालास, "स्टेन्सिल ताईच कापणार. तिचा हात कापला तरी ती अक्षर बदलणार नाही." ते वाक्य मला तेव्हापासून झोपू देत नाही.

मदर क्लेर आम्हाला सुलेखन शिकवायच्या. मेणाने पुसलेल्या लाकडी जमिनीवर त्यांच्या बुटांचा आवाज यायचा नाही, त्या अचानक पाठीशी उभ्या असायच्या. म्हणायच्या, दुसऱ्याचा मजकूर उतरवताना आपली पापणीसुद्धा त्यात पडता कामा नये. मी तिआनजिनच्या त्या नन्सच्या शाळेत नऊ वर्षं काढली आणि सत्तावन्नाव्या वर्षी हे केलं.

काय काय केलं ते लिहिते.

तू लिहिलं होतंस: "आमच्याकडे माणूस रडायला लागला की चाळीस व्हायोलिनं सुरू होतात. प्रेक्षकावर एवढा अविश्वास कशाला? ज्याला रडू येईल तो रडेल. ज्याला येणार नाही त्याला बाहेर जाऊन सिगारेट ओढू द्या, तोही आपलाच माणूस आहे." मी लिहिलं: "संगीताचा वापर संयमाने करावा."

तू लिहिलं होतंस: "आमचे नट प्रकाश जिथून येतो तिकडे तोंड करून बोलतात. शेतकरी, सैनिक, सासू, सगळे एकाच दिशेला बघतात. खरी माणसं बोलताना भांडी घासतात, नाक पुसतात, पाठ फिरवतात. मला या फिल्ममध्ये पाठी दाखवायच्या आहेत. माणसाच्या चेहऱ्याला खोटं बोलायची सवय लागली आहे, पाठीला अजून लागलेली नाही." मी लिहिलं: "अभिनय स्वाभाविक असावा."

तू लिहिलं होतंस, की कला समाजाला शिकवत नाही, ती समाजाच्या शेजारी बसते, आजाऱ्याच्या शेजारी कुणी बसावं तशी. मी "समाजाला शिकवत नाही" एवढं काढलं. बाकीचं ठेवलं, कारण मला ते आवडलं होतं.

आणि चौथा परिच्छेद पूर्ण गाळला. "तीस वर्षं आमच्या पडद्यावर कुणी घाबरलेलं नाही. आमच्या घरांत मात्र सगळे घाबरलेले. एवढी भीती गेली कुठे? ती कुणाच्या तरी कपाटात असणार. मला ती शोधायची आहे." हे वरच्यांना झोंबलं असतं. फिल्म सुरूच झाली नसती. तू पहिली फिल्म करायला चाळिशी उलटेपर्यंत थांबलास, आता दुसरी अडली असती. म्हणून गाळला.

माझ्यावर रागाव, काय हवं ते बोल. पण आठ तारखेला लाओ फानचं नाव घेऊ नकोस.

पेइवेन

३१ ऑक्टोबर

पेइलिन,

झोउ आज परत आला. मी त्याला विचारलं, "माझी पत्रं मिळाली का त्याला?"

तो टोपी फिरवत राहिला. "मिळाली ताई."

"मग?"

"रागावू नका. कोटाच्या खिशात ठेवतात. म्हणाले, ताईची पत्रं शूटिंग संपल्यावर. तिच्या पत्रांनी मन मऊ होतं आणि मला सध्या मऊ मन नको आहे."

"झोउ, तू त्याला सांग, की..."

"काय सांगू?"

झोउ चांगला आहे, पण त्याला सांगितलं म्हणजे सगळ्या युनिटला सांगितलं. तार करावी म्हणून पोस्टात गेले. खिडकीपाशी आमच्याच इमारतीतली बाई बसते. "ताई, कुणाला तार? सगळं ठीक ना?" मी पाकिटं घेऊन परत आले. बघ, म्हणजे तो गाळलेला परिच्छेद किती खरा आहे.

तू पत्र उघडणार नाहीस म्हणून आज मी मागच्या पत्रात न लिहिलेलं लिहिते. बंद पाकिटात माणूस किती धीट होतो!

चौथा परिच्छेद तिथे संपत नव्हता. तुला आठवत असेल. पुढे होतं: "मी ज्या घरात वाढलो तिथे एक बाई होती. दारावर थाप पडली की ती आधी केस सारखे करायची, मग एक लहान काळं पुस्तक कोळशाच्या टोपलीत खाली खुपसायची, मग ओठांवर हसू आणायची, आणि मग दार उघडायची. बहुतेक वेळा शेजारीण मीठ मागायला आलेली असायची. मीठ देताना त्या बाईचा हात थरथरायचा. मी जगातली मोठी मोठी नाट्यं वाचली, त्यांत या मीठ देण्याहून मोठं काही मला सापडलं नाही. माझ्या फिल्ममधली शिक्षिका अशी असेल."

ती मी. ते काळं पुस्तक मदर क्लेरचं, प्रार्थनेचं.

हे मी फिल्मसाठी गाळलं नाही, पेइलिन. वरच्यांना यात झोंबण्यासारखं काय होतं? घाबरलेल्या बाया त्यांच्याही घरी आहेत. मी ते गाळलं, कारण मला लाज वाटली. चाळीस प्रती निघणार, त्या कपडेपटात जाणार, जेवणाच्या खोलीत जाणार, लोक वाचणार आणि दिग्दर्शक कोणत्या घरात वाढला ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला वाटलं होतं तुला तेव्हा काही कळत नव्हतं. तू अभ्यास करत बसलेला असायचास, भिंतीकडे तोंड करून. इतकी वर्षं मी समजत होते की ते सगळं मी एकटीने बघितलं.

लोखंडी टोकाची लेखणी हातात होती आणि मी स्वतःला पुसून टाकलं. मग एक परिच्छेद पुसलेला दिसू नये म्हणून दुसऱ्या ठिकाणीही हात फिरवला, म्हणजे सगळंच सौम्य वाटावं. हा त्यातला खरा गुन्हा. तुझी व्हायोलिनं मी माझं तोंड झाकायला कापली.

आठ दिवस राहिले. घरात इकडून तिकडे फिरते आहे. काल भात दोनदा लावला.

पेइवेन

९ नोव्हेंबर, शुक्रवार

पेइलिन,

तू न जेवता गाडीला गेलास. कालचं मी लिहून ठेवते आहे, कारण बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम माझं होतं आणि ते माझ्याकडून पूर्ण झालं नाही.

तू सरळ स्टेशनवरून आलास. केसांत धूळ, अंगात माझी बंडी. ती घातलीस हे बघून मला उलट जास्तच धास्ती वाटली. माझ्याकडे बघितलं नाहीस. टेबलाभोवती सगळे झाकणाचे कप घेऊन बसले होते. प्रांताच्या माणसाने फिल्म कुठवर आली विचारलं आणि तू उभा राहिलास. घडी घातलेला कागद काढलास.

"फिल्मबद्दल नंतर बोलू," तू म्हणालास. "आधी माझ्या निवेदनाबद्दल. ते कुणी कापलं हे मला ठाऊक आहे. तो माणूस या खोलीत बसलेला आहे, आणि मी बारा वर्षं त्याला..."

"मी," मी म्हणाले.

माझा आवाज इतका बारीक निघाला की प्रांताच्या माणसाने खिडकीकडे बघितलं.

लाओ फान म्हणाले, "पेइवेन, खाली बस. तू इतिवृत्त लिही."

"इतिवृत्तात हेच लिहायचं आहे, प्रमुख. मजकूर मी कापला. तुम्हाला माहीत नव्हतं. याला माहीत नव्हतं. कापलेला भाग माझ्याकडे आहे, तो मी वाचते."

तुझी मूळ पानं माझ्या पिशवीत होती. पहिल्या दोन ओळी कशा वाचल्या आठवत नाही. कोळशाच्या टोपलीपाशी आले तेव्हा मान वर केली आणि म्हणाले, "ही बाई मी आहे." मी मिठापर्यंत वाचून खाली बसले. आता हे लोक माझ्याकडे कसे बघतील एवढाच विचार होता.

तेव्हा कपडेपटाच्या छिन वहिनी, नेहमी सुई तोंडात धरून बसणाऱ्या, एकदम म्हणाल्या, "माझं लोणच्याचं मडकं होतं."

"काय?" लाओ फान म्हणाले.

"आईचा चांदीच्या कडेचा आरसा. थाप पडली की लोणच्याच्या मडक्यात. अजून त्याला वास येतो. सुनेला दिला तर ती म्हणते, यात तोंड बघितलं की कोबी आठवतो."

कुणीतरी फिसकन हसलं. मग म्हातारा कॅमेरामन म्हणाला, "माझे बूट होते. विलायती. छपरावर टाकायचो. एकदा पावसात..." तो कप उघडून नुसता आत बघत राहिला. ध्वनिमुद्रणवाल्याने पत्रांचं सांगितलं. एकापाठोपाठ एक, पेइलिन, जसं काही या खोलीत कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. शेवटी लाओ फान म्हणाले, "मी तर दार उघडायलाच जायचो नाही. बायको सांगायची, ते आजारी आहेत. तिने इतकी वर्षं तेच सांगितलं की मला खरंच पोटाचं दुखणं लागलं."

प्रांताचा माणूस तरुण होता, तिशीचा. त्याने वही मिटली. म्हणाला, "आमच्या घरी आई रेडिओवर उशी ठेवायची." आणि लगेच त्याचे कान लाल झाले.

निकाल तुला माहीत आहे. फिल्म चालू राहील. मूळ निवेदन लाओ फान वर पाठवणार नाहीत, "आणि फाडणारही नाही," असं ते म्हणाले. ते स्टुडिओच्या फायलीत राहील. मला छपाईतून काढून ग्रंथालयात पाठवलं आहे. योग्य आहे. लाओ फान माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथे पुस्तकं छापून आलेली असतात, तिच्या हाताचा धोका नाही."

तुझा कागद तू खिशात परत ठेवलास. फाटकापर्यंत मी तुझ्याबरोबर आले. मग तू म्हणालास, "शाळेत असताना तू माझ्या निबंधातली वाक्यं खोडायचीस. वाटलं होतं, सवय सुटली असेल."

मी म्हणाले, "माफ कर."

तू म्हणालास, "आणि वाचलंस ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा वाचशील तर जोरात वाच."

तुझी गाडी आली. माफ केलंस की नाही ते मला कळलं नाही. खिशातली पत्रं उघडलीस की नाही तेही मी विचारलं नाही. दिवसभर तेवढंच डोक्यात आहे.

ताई

२१ नोव्हेंबर

प्रिय पेइलिन,

तुझी तार मिळाली. पोस्टातल्या बाईने ती मोठ्याने वाचून दाखवली: "शिक्षिकेच्या घरी थाप पडते. तू काय करायचीस क्रमाने लिही. गाळू नकोस." तिने विचारलं, "कसली शिक्षिका?" मी सांगितलं, "मीच." तिला कळलं नसावं, पण मला बरं वाटलं.

आता क्रमाने लिहिते. तुझी नटी चांगली असेल, पण तिला सांग की हातांनी फार काही करायचं नाही. भीती वाटते तेव्हा हात उगाच इकडेतिकडे जात नाहीत, त्यांना आपलं काम पाठ असतं.

थापा तीन पडायच्या. शेजाऱ्यांच्या थापा अशा नसतात, शेजारी नखाने वाजवतात आणि हाकही मारतात. पण घाबरलेल्याला फरक कळत नाही. मला नखाचा आवाजही तीन थापांसारखाच ऐकू यायचा.

पुस्तक टोपलीच्या तळाशी नाही, मधल्या थरात. तळाशी ठेवलं तर वरचे कोळसे हलतात आणि धूळ उडते. ठेवल्यावर हात मागे पुसायचे, पुढे नाही. पुढे काळं लागलं तर दिसतं.

हसू दार उघडायच्या आधी आणायचं नाही, ते तू चुकीचं लिहिलंस. आधी आणलं तर ते दारापर्यंत पोचेस्तोवर शिळं होतं. कडी सरकवताना आणायचं.

मीठ द्यायला मी चमचा वापरायची नाही, वाटीच उचलून द्यायची. चमच्याने हात थरथरलेला जास्त दिसतो. तरी तुला दिसला.

आणि एक मोठी चूक आहे. तू लिहिलंस की मी आधी केस सारखे करायची. नाही. त्याच्या आधी एक होतं, ते तुला दिसणं शक्य नव्हतं, कारण तेव्हा तू अजून भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचास. थाप पडली की आधी मी तुझ्या पाठीकडे बघायची. पेन्सिल चालू आहे का ते. ती चालूच असायची, प्रत्येक वेळी, एकदाही थांबली नाही, आणि मला वाटायचं, याला ऐकू आलेलं नाही, देवाची कृपा. मग मी केसांना हात लावायची.

तुझी ताई